आबांच्या गमबुटाला भोकं

आमच्या घरात गमबुटांचे दोन जोड होते. एक साहेब येणार असले की घालायचा, आणि एक पाण्यात घालायचा. पाण्यात घालायच्या जोडाला भोकं होती.

इथं लोक हसतात. मला माहितीय, कारण हे वाक्य मी साठ लोकांसमोर टाकलंय. कुठं थांबायचं, भुवया कधी वर न्यायच्या, सगळं बसवलेलं आहे. आज तेवढं सोडून बाकीचं सांगतो.

आबा म्हणजे माझे वडील. ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे बघणारा पाटबंधारे खात्याचा माणूस म्हणजे पाटकरी. पुण्यात हे सांगितलं की लोक "अच्छा, म्हणजे प्लंबर?" असं विचारतात. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोर मागं टाकायचं, मग एसटीत अजून दोन तास मान वाकडी करून झोपायचं, की आमचं गाव. तालुक्याचं ठिकाण आहे. एक हायस्कूल, एक स्टँड, आणि स्टँडवर कायम तेच चार लोक.

आबांचं सगळं आयुष्य ओल्यात गेलं. कालव्यातून चारीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या बारक्या पाटात, आणि चारीतून उसात. उसाच्या रानात अनवाणी फिरता येत नाही. तोडलेल्या उसाची धसकटं सुरीसारखी उभी असतात, वर सापाची भीती. म्हणून खातं गमबूट द्यायचं. गमबूट एकदम पक्का, थेंब आत जाणार नाही. फक्त चारीचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की वरूनच आत ओतायचं, आणि मग तोच पक्का बूट थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. दोन पायांना दोन भरलेल्या बादल्या बांधून माणूस उसात चाललाय.

तर नवा जोड आला की आबा चुलीत सळई तापवायचे. लाल झाली की बुटाच्या आतल्या अंगाला, तळापासून बोटभर वर, एका ओळीत तीन भोकं. चुर्रर्र. घरभर जळक्या रबराचा वास.

आई बाहेरून ओरडायची, "अहो, भाकरीला रबराचा वास येतोय! लोकं काय म्हणतील?"

"लोकं काय खायाला येनार हायती का?" आबा म्हणायचे. मग मला समजावून सांगायचे, मी न विचारता. "पानी आत येनारच गड्या. आपून त्याला अडवायचं न्हाई. जायाला वाट द्यायची. आन भोक आतल्या अंगाला, म्हंजी एका पायाला दुसऱ्याचा आडोसा. भायेरच्या अंगाला पाडलं तर काटा शिरतो."

मी आठवीत असताना जुना जोड जमा करायला आबा ऑफिसात गेले, तर स्टोअरच्या क्लार्कनं भोकं बघितली. सरकारी मालमत्तेची नासधूस. खुलासा द्या. आबांचं अक्षर मोडकं, म्हणून खुलासा लिहायला मी बसलो. मी लिहिलं, सदर भोकं उंदरांनी पाडलेली आहेत.

"उंदराच्या नावावर कशाला घालतो? लिही, मी पाडली. आन का पाडली ते बी लिही."

लिहिलं. दुसऱ्या दिवशी आबांबरोबर मी पण गेलो. क्लार्कनं तो कागद सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवला. 'पाण्यास जाण्यास वाट मिळावी म्हणून' या ओळीला शिपाई टेबलाला धरून हसला. आबा उभे होते. साहेबलोकांसमोर ते एकाच पद्धतीनं उभे राहायचे. दोन्ही हात पाठीमागं, एकात एक घालून. आणि आवाज सपाट. हो साहेब. बरं साहेब. ठीक आहे साहेब. घरी बोलताना ज्या माणसाचे हात कालव्याच्या दारासारखे वर-खाली व्हायचे, त्याचे हात तिथं गायब.

घरी आल्यावर मी त्या क्लार्कची नक्कल केली. गालात पान, नाकावरून घसरणारा चष्मा, 'पाण्यास जाण्यास' म्हणताना उडणारी थुंकी. आबा हसून हसून खाली बसले, डोळ्यांतून पाणी आलं. "आजून एकदा कर," म्हणाले. मग मी आजून एकदा केली. मग इंजिनियर साहेबाची केली, हेडमास्तरांची केली, कंडक्टरची केली, शेजारच्या मामीच्या शिंकेची केली. गावात मी कुणाला सोडलं नाही. फक्त आबांची कधी केली नाही. का ते ठरवलं नव्हतं. तेच तर समोर बसून बघत असायचे.

*

पुण्यात नोकरी लागली. कंपनी म्हणजे लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या आणि 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल' म्हणायचं. राहायला बिबवेवाडीत तिघांत एक खोली. पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी माझा आवाज धुऊन, इस्त्री करून घेतला. रिक्षावाल्याला 'अहो काका' म्हणायला शिकलो. 'हाय' गेलं, 'आहे' आलं. मला काय, नकलाच करायच्या, तर अजून एक.

खोलीतला एक मित्र शनिवार-रविवारी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायचा. मला घेऊन गेला. पहिल्याच दिवशी बसमध्ये लोक पेंगत होते, मी उठून ड्रायव्हर आणि ट्रॅफिक पोलिसाची जुगलबंदी करून दाखवली. बस जागी झाली. पुढच्या ट्रेकला मला फी माफ. त्यानंतर दोन पावसाळे मी त्या बसमध्ये उभ्यानं प्रवास केला, सीटच्या मधल्या पट्ट्यात, एका हातानं दांडा धरून.

लीडर पहिल्या सीटवर बसतो. गळ्यात शिट्टी, मांडीवर यादी. पंचवीस जणांची बॅच त्याच्या शब्दावर थांबते आणि चालते. मला ती सीट पाहिजे होती. हसू नका, खरंच पाहिजे होती. तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी मी ग्रुपच्या प्रमुखांना विचारलं. त्यांना सगळे सर म्हणायचे. बँकेत नोकरी, पेठेत घर, पन्नाशी ओलांडलेली, पोटऱ्या दगडासारख्या. बोलणं त्याहून.

"तुला बॅच? का?"

"सर, दोन वर्षं येतोय. वाटा माहिती आहेत."

"वाटा बकऱ्यांना पण माहिती असतात. लोकांनी लीडरचं ऐकायला लागतं. तुझं ऐकतात ते हसायला."

"एकदा संधी देऊन बघा ना सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. नोट खोटी आहे का बघतात तसं. "सीझनच्या मीटिंगला पावसाळी बूट कसे निवडावेत यावर दहा मिनिटं बोल. दरवर्षी मी बोलतो, यंदा तू बोल. लोकांनी तुझं ऐकून बूट घेतले, तर पहिली बॅच तुझी."

मी अभ्यासाला लागलो. लक्ष्मी रोडला एका दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होते.

"ट्रेकिंगचे बूट बघायचे होते."

"बघा."

"हे वॉटरप्रूफ आहेत का?"

"लिहिलंय ना त्यावर."

"म्हणजे पाणी आत जात नाही?"

"नाही."

"आणि ओढ्यात वरून शिरलं तर?"

"वरून शिरलं तर पाय ओला होईल."

"मग ते बाहेर कसं येणार?"

मालकांनी पेपर खाली केला. "बूट काढायचा. उलटा करायचा. घेणार आहात, का कीर्तन ठेवलंय?"

रस्त्यावर आलो आणि मला एकदम जळक्या रबराचा वास आला. रविवारी सकाळी आबांना फोन लावला. ते वर्षभरापूर्वीच रिटायर झाले होते. मी म्हटलं, पावसाळ्यात डोंगरात जायला बूट कसा पाहिजे. त्यांनी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. पाऊस भुरभुर हाय का धबाधबा? वढं किती लागत्यात? पानी घोट्याला का गुडघ्याला? खडक हाय का चिखल? मी सगळी उत्तरं दिली.

"मंग अडवायचं सोडून दे," आबा म्हणाले. "त्यो पक्का बूट तितं पुन्यात रस्त्यावर चालंल. वढ्यात न्हाई. जाळीचा घे, हलका. पानी आलं तसं गेलं पायजे. तळ बघ, तळाला दात पायजेत, आन रबर मऊ पायजे. कडक रबर ओल्या खडकावर साबणावानी घसरतंय. दुकानातच ओलं करून फरशीवर हुबा राहून बघ."

"आबा, दुकानदार पाणी ओतू देईल का?"

"रुमाल भिजवून ने की खिशात. फरशीवर टाकायचा, त्याच्यावर पाय." मग म्हणाले, "सुती मोजा नको, पानी धरतोय. आन बूट येक बोट सैल घे, उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतंय. किती लोकं हायती तुजं ऐकायला?"

"साठ."

तिकडं आबांनी रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"साठ लोकांच्या पायाचा परश्न हाय," ते म्हणाले. "नीट सांग बरं का."

*

मीटिंग एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होती. बुटके बाक, भिंतीवर मुलांनी काढलेले केशरी डोंगर. साठ मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. सर खिडकीपाशी उभे. मी चार पानं लिहून आणली होती.

"नमस्कार. पावसाळी ट्रेकसाठी बूट निवडताना सर्वप्रथम आपण पाण्याचा निचरा या गोष्टीचा विचार केला पाहिजे."

लोक माझ्याकडे बघत होते, पण ऐकत नव्हते. जोक कधी येतोय याची वाट बघत होते. मी दुसरं वाक्य वाचलं. एक जण मोबाईल बघायला लागला. मी तिसरं वाक्य वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, चालू कर ना!" दोन-चार जण खुदकले. सरांनी घड्याळ बघितलं.

भीती वाटली. सरळ सांगतो. माझ्या स्वतःच्या आवाजात मी साठ लोकांसमोर कधी उभाच राहिलो नव्हतो, आणि तो आवाज मला स्वतःलाच पातळ वाटत होता. मग माझ्या तोंडातून निघालं,

"पानी आत येनारच गड्या!"

वर्ग फुटला.

मग मला कोण अडवतंय. मी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले. डस्टर टोपीसारखं डोक्यावर ठेवलं. हात कालव्याच्या दारासारखे वर-खाली, वर-खाली. आमच्या घरात गमबुटांचे दोन जोड. सळई. चुर्रर्र. भाकरीला रबराचा वास. खिशात ओला रुमाल घेऊन लक्ष्मी रोडला निघालेला पाटकरी, आणि पेपरच्या वरून बघणारा मालक. लोक बाकावर हात आपटत होते. आणि खरी गोष्ट अशी की मी सगळं सांगितलं. जाळीचा बूट, मऊ रबर, सुती मोजा नको, एक बोट सैल. माझ्या चार पानांत होतं ते सगळं. एकही मुद्दा सुटला नाही.

शेवटी हशा जरा खाली यायला लागला. नकला करणाऱ्याला ते कानानं नाही, पोटातून कळतं. मग मी भोक खाली नेलं. "भोक बुडाला पाडायचं! मधोमध! पानी बी जातंय, आन खाली काय हाय त्ये बी दिसतंय!"

आबा असं कधी म्हणाले नव्हते. पण सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

खाली उतरलो तर एक काकू माझ्यापाशी आल्या. शाळेत गणित शिकवायच्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. पहिल्यांदाच ट्रेकला येणार होत्या. हातात वही होती आणि वहीत त्यांनी खरंच काहीतरी लिहून घेतलं होतं.

"अरे, ते पाण्याला जायला वाट द्यायचं म्हणालास ना, ते खरं का? की गंमत? माझ्याकडे जुने जाळीचे बूट आहेत, चालायला जाते ते. तळ चांगला आहे त्यांचा. म्हणून विचारते."

सर दोन पावलांवर होते. ऐकत होते.

"गंमत हो काकू!" मी म्हणालो. "गावाकडच्या माणसाचं काय ऐकताय."

सर पुढं झाले. "करमणूक उत्तम झाली," ते सगळ्यांना म्हणाले. "आता बूट कोणते घ्यायचे ते मी सांगतो." आणि त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. वॉटरप्रूफ, घोट्याच्या वरपर्यंत, जाड तळ. लोकांनी लिहून घेतलं. काकूंनी पण पान उलटून नव्यानं लिहून घेतलं. पहिली बॅच होकायंत्र घेऊन फिरणाऱ्या एका मुलाला गेली. त्यानं एकही जोक केला नव्हता.

आठवड्याभरात मी पण वॉटरप्रूफ बूट घेतले. त्याच दुकानातून. मालकांनी ओळखलं. "ठरलं का?" एवढंच म्हणाले. खिशात कोरडा रुमाल होता.

*

वेल्ह्याच्या बाजूचा एक गड. पहाटे बस निघाली, मी नेहमीसारखा मधे उभा. गडाच्या पायथ्यापर्यंत तीन ओढे लागतात. पहिला ओढा घोट्यापर्यंत होता. सगळे खूश, पाय कोरडे. दुसरा दगडांवरून उड्या मारत ओलांडला. तिसऱ्यात पाणी गुडघ्याला लागलं आणि पंचवीस जणांचे पन्नास बूट एकाच वेळी भरले.

पलीकडं गेल्यावर आवाज सुरू झाला. फच्याक. फच्याक. लोक दगडावर बसले, बूट काढले, उलटे केले, पाणी ओतलं, परत घातले. वरून पाऊस चालूच होता, पँटवरून ओघळून परत आत. अस्तर फुगलं. पन्नास पावलांवर परत बसले. सर पण बसले. ते बूट उलटा करत होते तेव्हा आमची नजरानजर झाली. दोघांनीही दुसरीकडं बघितलं.

वाट दाखवायला खालच्या वाडीतला एक माणूस होता. त्याच्या पायात बाजारात मिळतात ते प्लॅस्टिकचे सँडल. चारी बाजूंनी भोकं. तो पुढं जाऊन थांबायचा आणि आमचा बूट उलटा करायचा कार्यक्रम बघत विडी ओढायचा.

काकू मागं पडल्या. मी त्यांच्याबरोबर राहिलो, म्हणजे मला राहायला सांगितलं. वाडीतल्या एका घराच्या पडवीत त्यांना बसवलं. बूट काढले तर पाय पांढरे, सुरकुतलेले, आणि दोन्ही टाचांची कातडी सोलून मोज्याला चिकटलेली. मोजे नवे होते. सुती.

बाकीचे गडावर गेले. ढगातून शिट्टी ऐकू येत होती. काकू पाय पुढं पसरून बसल्या होत्या आणि वर बघत होत्या, दिसत काही नसताना.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. चिडून नाही.

मी बुटाची नाडी सोडली. परत बांधली.

"काकू, ते खरं होतं."

"कोण रे तो माणूस?"

"माझे वडील."

त्यांनी मोजे पिळून पडवीच्या कडेला ठेवले. मग म्हणाल्या, "उत्तर येत असून गप्प बसणारी मुलं मी वर्गात पुष्कळ बघितली. उत्तर येत असून चूक सांगणारा तू पहिलाच."

त्या परत कधी ट्रेकला आल्या नाहीत.

*

दिवाळीनंतर आबा पुण्याला आले. डोळ्यात मोतीबिंदू आहे का ते दाखवायला. आमच्या खोलीवर उतरले. येताना आईनं दिलेला चिवडा, आणि मला सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा. "पँटच्या पायाला गुंडाळ वढ्यात. पानी कमी शिरतंय." तोपर्यंत आबांना एवढंच माहिती होतं की मी साठ लोकांना बूट शिकवला.

मी दूध आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर माझा मित्र आबांच्या शेजारी कॉटवर बसलेला, आबांच्या हातात त्याचा मोबाईल, त्यावर त्या मीटिंगचा व्हिडिओ. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणतो. "काका, बघा तुमचा पोरगा काय भारी करतो! अख्खा ग्रुप फॅन आहे तुमचा!"

आबांनी मोबाईल लांब धरला होता, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून. आवाज फुल. पानी आत येनारच गड्या. हशा. सळई. हशा. भाकरी. हशा. मी दारात दुधाची पिशवी घेऊन उभा. व्हिडिओ संपेपर्यंत आबांनी मान हलवली नाही. बुडाला भोक आलं, शेवटचा हशा आला, संपलं.

"शेवटचं चुकलं," आबा म्हणाले.

"काय काका?"

"भोक बुडाला न्हाई पाडायचं. आतल्या अंगाला, बोटभर वर. बुडाला पाडलं तर चिखल शिरतोय, काटा शिरतोय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू नीट सांगितलं न्हाईस. कुनी खरंच पाडलं आसतं तर?"

मित्र कॉटवर आडवा झाला हसून. "काका, तुम्ही ओरिजनल आहात! सेम! हात पण सेम!"

आबांचा उजवा हात हवेत होता, बोटभर म्हणजे किती ते दाखवत. त्यांनी त्या हाताकडं बघितलं आणि खाली घेतला.

"त्या साठ लोकांनी काय घेतलं मंग?"

"वॉटरप्रूफ," मी म्हणालो.

"हं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना झाला. मोतीबिंदू पिकला नव्हता. मी स्वारगेटला सोडायला गेलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कानाखाली मारली असती तर अजून बरं. आबांनी भेळ खाल्ली, बस कुठल्या फलाटाला लागते ते तीनदा विचारलं. खिडकीत बसल्यावर म्हणाले,

"बोलताना मी हात लई हालवतो का रे?"

"नाही आबा."

"न्हाई, मला कधी कुनी म्हणलं न्हाई म्हणून इचारलं."

बस निघाली. सगळे हात हलवत होते. आबा नाही.

*

पुढच्या सीझनची मीटिंग त्याच वर्गात झाली. या वेळी सर स्वतः बोलले. "गेल्या वर्षीच्या अनुभवावरून," असं म्हणाले. पाण्याचा निचरा महत्त्वाचा. जाळीचे, हलके बूट. मऊ रबराचा तळ. "दुकानात जाताना ओला रुमाल न्या. फरशीवर टाकून त्यावर उभं राहून बघा." एकही माणूस हसला नाही. साठच्या साठ जण लिहून घेत होते. शेजारच्यानं मला कोपर मारून विचारलं, "रुमाल म्हणाले ना?" मी म्हटलं, हो, रुमाल.

मीटिंग संपल्यावर सरांनी मला बोलावलं. "यंदा एक बॅच तू घे. काकूंबरोबर थांबलास, ते मी लक्षात ठेवलंय." मग गालातल्या गालात हसत म्हणाले, "फक्त बसमध्ये ते गाववाल्याचं करायचं हं. लोक विचारतात."

मी हो म्हणालो. हे पण लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी बाणेदार निघालो. मी म्हणालो, "हो सर. नक्की सर."

त्याच संध्याकाळी आबांना फोन केला. म्हटलं, आबा, बॅच मिळाली. पंचवीस लोक. शिट्टी माझ्याकडं.

"छान झालं."

"यंदा सगळे जाळीचे बूट घेणार आहेत. तुमचंच सांगितलं सरांनी."

"बरं."

"आबा, त्या गडावर उतरताना शेवाळ लई आहे. खडकावर. तळाला अजून काय करता येतं का?"

मी वाट बघितली. खडक काळा हाय का लाल, असं विचारतील. उतार केवढा, असं विचारतील. मागं आईचा आवाज येत होता, भांडी घासायचा आवाज येत होता.

"तिथं कुणाला तरी विचारून घ्या," आबा म्हणाले. "तुमच्याकडं जाणकार लोक असतील. आम्हाला त्यातलं काय कळतं."

आवाज सपाट होता. रागाचा नाही. मला तो आवाज लहानपणापासून पाठ आहे. मोठा खुलासा लिहून ऑफिसात गेलो होतो ना, त्या दिवशीचा.

"बरं आबा," मी म्हणालो.

"ठीक आहे," आबा म्हणाले.

फोनवर हात दिसत नाहीत. पण त्या आवाजात बोलताना आबा हात कुठं ठेवतात, ते मला माहितीय. एका हातात मोबाईल असणार, म्हणजे दुसरा एकटाच पाठीमागं.